सुचवलेला जामीनदार

कर्ज सुरेखा वायदंडेला हवं होतं, पण चौकशी माझी चालली होती.

हे मी पहिल्याच दिवशी ओळखायला हवं होतं. ओळखलंही असेल, पण मला जे वाटतं ते खरं असू शकतं, यावर विश्वास बसायला मला नेहमीच उशीर होतो. कराडच्या एका कॉलेजात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तक उशिरा आणणाऱ्या मुलांचा दंड मी कितीदा तरी आपल्याच खिशातून भरला आहे, कारण दंड मागताना जीभ माझी अडखळायची, त्यांची नाही.

चौकशीला आली ती पल्लवी थोरात. एकेकाळी स्पर्धापरीक्षेची पुस्तकं घेऊन ती आमच्या वाचनालयात खिडकीजवळ बसायची. आता इथल्या एका पतसंस्थेत गृहकर्ज विभागाची प्रमुख आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. चहाचा कप तिनं पुस्तकांच्या ढिगात जागा करून ठेवला आणि टॅबलेट मांडीवर घेतला.

"सर, दोन-चार प्रश्न आहेत. रीत म्हणून."

"विचार की."

"शेजाऱ्यांनी शिडी नेली आणि परत आणली नाही, तर मागता का तुम्ही?"

मी हसलो. "शिडी सावंतांकडंच आहे. सहा वर्षं झाली."

ती हसली नाही. बोटानं काहीतरी टिपलं.

"दुकानातून आणलेला शर्ट घट्ट झाला तर परत करता?"

"देऊन टाकतो कुणाला तरी."

"विमा विकणाऱ्यांचा फोन आला तर मध्येच ठेवता?"

"त्यांचं बोलून झाल्यावर ठेवतो. त्यांनाही पोट आहे."

निवृत्तिवेतन किती, घर कुणाच्या नावावर, हे तिनं शेवटी एका मिनिटात विचारलं. मग तिला फोन आला म्हणून ती बाल्कनीत गेली. टॅबलेट टेबलावर उघडाच होता. दुसऱ्याचे कागद वाचणारा मी नाही, पण छापील अक्षर डोळ्यांसमोर आलं की ते वाचलं जातं, त्याला माझा इलाज नाही. 'अर्जदार: पान १. जामीनदार: पाने २ ते ५.'

सुरेखाबद्दल एक पान, माझ्याबद्दल चार. पैसे परत कोण करणार होतं?

सुरेखा सहा वर्षांपासून माझ्याकडे दुपारचा डबा आणते. असे बावीस डबे करते. नवरा किरण गाड्यांच्या बॅटरी बदलून देणाऱ्या स्टेशनवर कंत्राटी कामाला आहे. शनिवार पेठेत ते ज्या दोन खोल्यांत राहतात ती जागा मालक पाडणार होता. दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. सैदापूरला तिनं एक छोटा फ्लॅट बघून ठेवला होता. तिसरा मजला, स्वयंपाकघराला खिडकी. खिडकीबद्दल ती रोज बोलायची.

मग एक दिवस मला एका गोड आवाजाच्या बाईचा फोन आला. "घळसासी सर, सुरेखाताईंच्या घरासाठी तुम्ही जामीन राहाल ना?"

मी म्हटलं, "बघू."

आपल्याकडे असं 'बघू' म्हटलं की समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. बाई "धन्यवाद, सर" म्हणाल्या, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी पल्लवी दारात हजर.

माझ्याकडे आहे काय, तर ही तीन खोल्यांची जागा आणि निवृत्तिवेतन. सुरेखाचे हप्ते थकले तर संस्थेचा हात या दोन्हींवर पडणार होता. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी कुठं जाणार होतो? पण हे मनात आलं की लगेच दुसरंही येई: हा संशय आहे की नुसता कंजूषपणा? माणसाला पैसे सोडवत नाहीत तेव्हा त्याला सगळीकडे कारस्थान दिसतं, असं मी वाचलेलं आहे.

शनिवारी आमचं वाचक मंडळ बागेत जमतं. पाच म्हातारे. भीत भीत मी ही गोष्ट काढली. जाधवरावांनी खाकरून घसा साफ केला.

"मीपण राहिलोय जामीन. भाच्याच्या शेजाऱ्याला."

"मी पण," मुजावर म्हणाले. "आमच्या दूधवाल्याला."

कांबळे गुरुजींनी नुसता हात वर केला. पाचातले तीन जामीनदार झालेले, चौथा मी होऊ घातलेला. राहिले बंडोपंत निकम.

"मला कोण विचारतंय?" निकम म्हणाले. "परवाच रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडलो. फोनवर कुणी गोड बोललं की मी आधी शिवी देतो, मग नाव विचारतो." आम्हा चौघांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. "मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात. आता मऊ कुठं लागतंय ते हुडकायला मशीन आणलेलं दिसतंय."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

सोमवारी मी संस्थेत गेलो. पल्लवीच्या टेबलासमोर दहा मिनिटं हवापाण्याचं बोललो, मग म्हटलं, "तुमचं यंत्र कुणाची परीक्षा घेतं?"

तिनं काचेचं दार लावलं. दाराशी ती जरा जास्त वेळ थांबली, असं मला वाटलं.

"सर, तुम्ही मला बिनओळखपत्राचं वाचनालयात बसू दिलं होतं, म्हणून सांगते," ती म्हणाली. "यंत्राचं नाव पारख. कर्ज कोण बुडवेल हे ओळखायला आणलं होतं. त्यात ते बेताचंच निघालं. कुणाची नोकरी जाईल, कुणाला आजार होईल, हे कुणाला कळतंय? पण चाचणीत एक भलतीच गोष्ट सापडली."

मग तिनं जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. कुणी आपल्याकडे काही मागितलं आणि ते द्यायचं मनात नसलं, की मेंदूत आधी 'नाही' तयार होतं. भिडस्त माणसात मेंदूचा दुसरा भाग ते ताबडतोब दाबून टाकतो. या दाबण्याला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात स्वरयंत्राचे बारीक स्नायू आवळले जातात आणि पुढे जो शब्द बाहेर पडतो त्यात एक थरथर उरते. माणसाच्या कानाला ती कळत नाही. पारखला लाखो जुने फोन ऐकवले होते, आणि त्या फोननंतर कुणी किती पैसे दिले याच्या नोंदीही पुरवल्या होत्या. त्यातून त्याला दिसलं, की कर्जदार कसाही असो, जामीनदाराच्या आवाजात ती थरथर असली तर कर्ज बुडत नाही. असा माणूस तारीख चुकली की स्वतः येऊन पैसे भरतो. वकील लागत नाही, नोटीस लागत नाही.

"म्हणजे ते भीड मोजतं," मी म्हटलं.

"आम्ही भरवसा गुणांक म्हणतो."

"माझा किती?"

"ब्याण्णव."

आयुष्यात कुठल्याही परीक्षेत मला एवढे मार्क मिळाले नव्हते.

"पण मी 'बघू' म्हणालो होतो गं."

"गेल्या आठ वर्षांत तुम्ही आमच्या आणि आमच्या सहयोगी कंपन्यांच्या फोनवर अकरा वेळा 'बघू' म्हणालात. विमा, देणगी, पुतण्याची स्कूटर. अकराही वेळा पैसे दिलेत. फोन ऐकायला संमती आहे तुमची, खातं उघडतानाच्या कागदावर."

तो कागद मी वाचला नव्हता. माझ्या सहीची वाट बघत कारकून समोर उभा होता, त्याला ताटकळत ठेवणं बरं वाटलं नव्हतं.

"सुरेखाला हप्ता झेपेल?"

पल्लवीनं पडद्याकडे पाहिलं. "येणारे ठरलेले खर्च धरले तर अठरा महिने. एकोणिसाव्यापासून थकेल."

"आणि मग मी."

"मग तुम्ही."

"हे तिला सांगितलंय?"

"तिला हप्ता सांगितलाय." माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज चढला. "सर, माझे वडील हमाली करायचे. घरासाठी सात ठिकाणी अर्ज केले, सातही जण म्हणाले, जोखीम आहे. भाड्याच्या खोलीतच गेले ते. पारख आल्यापासून अशा सहासष्ट घरांना आम्ही कर्ज दिलंय. एकालाही कुलूप लागलेलं नाही."

"कुलूप कुणी थांबवलं?"

"ज्यांना परवडत होतं त्यांनी. नाहीतरी ते मदत करतातच की! फक्त योग्य गरजू त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता."

मी उठलो. घरी पोचेपर्यंत तिचे शब्द डोक्यात घोळत होते. तिचं म्हणणं चूक आहे असं ठामपणे म्हणावं, तर त्या सहासष्ट घरांतली पोरं डोळ्यांपुढे यायची. फक्त एक गोष्ट खटकत राहिली. ज्यांना परवडत होतं ते, असं ती म्हणाली. चौकशीत मला काय परवडतं हे तिनं एका मिनिटात उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुरेखा डबा घेऊन आली तेव्हा मी दार उघडून उभाच होतो.

"सुरेखा, जामिनाला माझं नाव तू दिलंस की त्यांनी काढलं?"

ती जागच्या जागी थांबली. "आपोआप आलं, सर. माझ्या फोनमधली माणसं बघून. पयलं तुमचंच."

"आणखी काय आलं?"

"काय न्हाई." मग खाली बघत म्हणाली, "संबंध चांगले ठेवा म्हणून आलं. इचारपूस करत जावा म्हणून."

गेले दोन महिने डब्यात मधूनमधून शेंगदाण्याची पोळी यायची. गुडघा कसा आहे, रात्री झोप लागते का, अशी चौकशी व्हायची. मला बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की साडेबाराच्या आधीच मी दाराकडे बघायला लागायचो.

"म्हणून गुडघ्याचं विचारायला लागलीस होय?"

"आवो सर!" ती ताठ झाली. "गुडघ्याचं मी पयल्यापासनं इचारते. तुमालाच आत्ता ऐकू याया लागलंय."

मी आठवायचा प्रयत्न केला. सहा वर्षांपूर्वीची, चार वर्षांपूर्वीची दुपार. ती विचारत होती का? खरंच आठवेना. ती बोलत होती ते खरं असेलही, पण ते खरं धरायची सोय मात्र त्या यंत्रानं माझ्याकडून काढून घेतली होती.

मी तिला सगळं सांगून टाकलं. थरथर, ब्याण्णव, एकोणिसावा महिना. ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि बोटांवर महिने मोजायला लागली.

"एकोणीस म्हंजे... पोरगी नर्सिंगला जाईल तवाच की." ती हसली, मान हलवत. "बराबर हाय मेल्याचं! माझ्या घरच्यांनाबी एवढं कळत न्हाई."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अंदाज हुता. तवा तुमच्याकडं यावं लागंल, ह्ये बी मनात हुतं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"आधी बोलले असते तर तुमी सही केली नसती?"

"केली असती."

"मग? बोलून काय उपेग?" ती उठली. पदर खोचला. "तुमाला न्हाई म्हनायचं आसंल तर म्हना, सर. मी काय गळ्यात पडत न्हाई. पर दिवाळीनंतर चार मानसं घिऊन कुठं ऱ्हायाचं, ह्ये तेवढं त्या मशीनला इचारून सांगा."

ती गेल्यावर मी नकाराचा सराव केला. सांगायला लाज वाटते. पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहून मोठ्यानं "नाही" म्हणत होतो. पहिल्या दहा-बारा वेळा तो शब्द प्रश्न विचारल्यासारखा बाहेर आला.

गुरुवारी अकरा वाजता संस्थेत बोलावलं होतं. जामीनदारावर दडपण येऊ नये म्हणून सरकारनं तीन वर्षांपूर्वी नियम केला आहे: संमती तोंडी घ्यायची, तीनदा विचारायचं, आणि अर्जदाराच्या समक्ष विचारायचं. हा नियम ज्यानं लिहिला त्याला समोर बसलेल्या माणसाची भीड कधी वाटली नसावी. किंवा फार वाटत असावी, आणि तिचं वजन त्याला नेमकं ठाऊक असावं. त्या दिवसांत मला काहीच सरळ दिसत नव्हतं.

सुरेखा नवी साडी नेसून आली होती. माझ्या शेजारी बसली. पल्लवीनं पडदा आमच्याकडे वळवला आणि तोच गोड आवाज आला.

"श्रीधर रामचंद्र घळसासी, आपण सुरेखा किरण वायदंडे यांच्या गृहकर्जाला स्वेच्छेने जामीन राहता का?"

सुरेखाच्या बांगड्या किणकिणल्या. मी टेबलाच्या कडेकडे बघितलं.

"नाही."

"आपला प्रतिसाद पुन्हा नोंदवत आहोत. आपण जामीन राहता का?"

"नाही."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझे कान तापले होते. "नाही हो, बाई."

पल्लवी माझ्याकडे बघत राहिली. "नव्वदच्या वरचं कुणी नाही म्हणालेलं मी पाहिलं नव्हतं, सर," ती हळूच म्हणाली. मला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. सुरेखा उठून जाईल, रडेल, मला बोलेल. काहीच झालं नाही. पडद्यावरचं माझं नाव पुसलं गेलं आणि तिथं दुसरं उमटलं.

'पुढील सुचवलेले जामीनदार: इंदुबाई सकटे, विटा. भरवसा गुणांक ९७. आत्ता फोन लावायचा का?'

"अक्का?" सुरेखा पुटपुटली.

"कोण?" मी विचारलं.

"माझी मोठी नणंद. शाळेत खिचडी शिजवती. दोन गुंठं जागा हाय, तीबी तिचा मालक गेला तवा कशीबशी ऱ्हायली." ती पडद्याकडे बघत होती. "ती न्हाई म्हनायचीच न्हाई. तिला येतच न्हाई त्ये."

खाली दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'. 'हो'चा चौकोन हिरवा होता आणि हळूहळू उजळत होता.

माझ्या मनात एक विचार आला आणि मी चटकन पल्लवीकडे वळलो. "हे नाव खरंच दुसरं होतं? की मला बघून काढलं?"

"म्हणजे?"

"मी नाही म्हटल्यावर, मला परत हो म्हणायला लावेल असं नाव त्यानं शोधलं का?"

पल्लवीनं पडद्यावर खालीवर शोधून पाहिलं. "मला माहीत नाही, सर," ती म्हणाली. "यादी ते करतं. ती कशी करतं, हे आम्हाला दिसत नाही." आणि हे सांगताना तिचा चेहरा असा झाला, की हा प्रश्न तिला त्या क्षणापर्यंत कधीच पडला नव्हता याची मला खात्री पटली. एवढी एकच खात्री त्या महिनाभरात मला पटली.

विट्यातली ती बाई मी कधी पाहिली नव्हती. पण चुलीपुढं बसून फोन कानाला लावणारी, "बरं बाई, राहते" म्हणणारी, अशी ती मला स्वच्छ दिसली. दोन गुंठे. माझ्याकडे निदान निवृत्तिवेतन होतं. हा हिशेब माझा होता की पडद्याचा? घशात काहीतरी आवळल्यासारखं झालं. मी पुढे झुकलो.

"थांबा, सर," सुरेखा म्हणाली. माझ्याकडे न बघता. "पल्लवीताई, रद्द कराया काय दाबायचं?"

"सुरेखाताई, एकदा रद्द केलं तर सहा महिने परत अर्ज करता येत नाही. सैदापूरचा फ्लॅट जाईल."

"कुठं दाबायचं?"

पल्लवीनं दाखवलं. सुरेखानं बोट पदराला पुसलं आणि दाबलं. एकदा, मग खात्री करायला विचारलं तेव्हा परत एकदा. 'अर्ज मागे घेण्यात आला आहे' असं आलं. गोड आवाज "धन्यवाद" म्हणाला.

आम्ही जिन्यानं खाली उतरलो. ती पुढे, मी कठडा धरून मागे. मधल्या वळणावर ती थांबली. तिचे डोळे कोरडे होते, पण नाक लाल झालं होतं.

"सुरेखा, मी नाही म्हणालो म्हणून तू..."

"त्याचा राग न्हाई," ती म्हणाली. "खरं सांगते. तीनदा म्हनलासा, तवा मला वाटलं, चला, ह्यो मानूस तरी सुटला. राग त्याचा आला, सर, की अक्काचं नाव बघून तुमी परत हो म्हननार हुता."

ती खाली निघून गेली. किरण बाहेर गाडी घेऊन उभा होता. त्याला ती हातानंच 'नाही' अशी खूण करताना मला वरून दिसलं.

मी हो म्हणणार नव्हतो, असं तिला ओरडून सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ते खरं होतं का, हे मला ठाऊक नव्हतं. पुढे झुकताना माझ्या घशात काय आवळलं गेलं, ते कळू शकणारं ठिकाण कराडात एकच होतं, आणि तिथं वर जाऊन विचारायची माझी छाती झाली नाही.